महाविद्यालयीन संगणक जाळ्यातील स्टॅकेबल मॅनेज्ड स्विच : उभारणी, विन्यास आणि संस्थेचे निर्णय

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या इमारतीत जिन्याखाली, ग्रंथालयाच्या माळ्यावर किंवा संगणक प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक लोखंडी कपाट असते. त्यात हिरवे दिवे लुकलुकणारी एक चपटी पेटी आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या निळ्या-करड्या केबलींचा गुंता असतो. कपाटाची किल्ली बहुधा शिपायाकडे असते आणि पेटीचा पासवर्ड ती बसवून गेलेल्या पुरवठादाराच्या तंत्रज्ञाकडे असतो. प्रवेशप्रक्रिया, शिष्यवृत्तीचे अर्ज, ग्रंथालयाची देवघेव, वेतनदेयके आणि ऑनलाइन अंतर्गत परीक्षा अशी महाविद्यालयाची बहुतेक कामे आज याच पेटीतून पार पडतात. अनेक विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकाही परीक्षेच्या थोडा वेळ आधी ऑनलाइन येतात आणि त्या उतरवून घेऊन छापाव्या लागतात. अशा वेळी जाळे बंद पडले, तर त्याची झळ परीक्षागृहात बसलेल्या विद्यार्थ्याला पोहोचते.

ही पेटी म्हणजे स्विच होय. तिची निवड, उभारणी व विन्यास हा केवळ तंत्रज्ञाचा विषय आहे, असा समज महाविद्यालयांत सर्वत्र आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. मॅनेज्ड स्विचला काही सांगितले नाही, तर तो गप्प राहत नाही. तो कारखान्यात ठरवून दिलेल्या नियमांनुसार स्वतःच निर्णय घेतो, आणि त्या नियमांना महाविद्यालयाची काहीही माहिती नसते. म्हणून कोणते निर्णय संस्थेने घ्यावयाचे असतात, हे प्राध्यापकवर्गाने समजून घेणे अगत्याचे ठरते. विवेचनासाठी सिस्को कंपनीच्या कॅटॅलिस्ट ९२०० मालिकेचे उदाहरण घेतले आहे. अन्य कंपन्यांच्या आज्ञा वेगळ्या असल्या तरी तत्त्वे बव्हंशी तीच आहेत.

स्विचचे कार्य

बॉब मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात इथरनेटची कल्पना मांडली. तेव्हा सर्व संगणक एकाच सामाईक तारेवर बोलत असत. दोघे एकाच वेळी बोलले की संदेशांची टक्कर होई आणि दोघांनाही थांबून पुन्हा बोलावे लागे. पुढे आलेल्या हबनेही हा दोष दूर केला नाही, कारण हब आलेला संदेश सर्वच तारांवर पाठवीत असे. १९९० मध्ये अमेरिकेतील एका छोट्या कंपनीने सात पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे त्या कंपनीचे संस्थापक. भारद्वाज यांच्या पत्नीच्या नावावरून कंपनीचे नाव ठेवले होते ‘कल्पना’. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या उपकरणप्रकाराच्या मुळाशी हे भारतीय नाव आहे, ही गोष्ट संगणकशास्त्राच्या वर्गातही सहसा सांगितली जात नाही.

प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक पत्ता असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. स्विच येणाऱ्या प्रत्येक संदेशावरील, म्हणजे फ्रेमवरील, पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि ‘हा पत्ता अमुक पोर्टावर आहे’ अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो. नंतर त्या पत्त्यासाठी फ्रेम आली की ती फक्त त्याच पोर्टावर सोडली जाते. पत्ता ठाऊक नसेल किंवा संदेश सर्वांसाठी असेल, तर मात्र ती फ्रेम आलेले पोर्ट वगळून उरलेल्या सर्व पोर्टांवर पाठवली जाते. हा अपवाद लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे वर्णन केलेल्या सर्वांत मोठ्या संकटाचे मूळ त्यातच आहे.

बाजारात हजार-दीड हजार रुपयांना मिळणारा साधा स्विच इतकेच काम करतो. मॅनेज्ड स्विचला स्वतःचा पत्ता असतो, त्यात प्रवेश करून त्याला आज्ञा देता येतात, कोणत्या पोर्टावर किती वाहतूक चालू आहे हे पाहता येते आणि एखादे पोर्ट दूर बसून बंदही करता येते. ज्या महाविद्यालयात मॅनेज्ड स्विच विकत घेऊन तो मूळ स्थितीतच चालवला जातो, तेथे संस्थेने जादा पैसे मोजून साधा स्विचच घेतला असे म्हणावे लागेल.

स्टॅक म्हणजे काय

अठ्ठेचाळीस पोर्टांचा एक स्विच अपुरा पडला की दुसरा घ्यावा लागतो. दोन स्विच साध्या केबलने जोडता येतात, परंतु मग ते दोन स्वतंत्र संसार ठरतात. त्यांचे पत्ते, पासवर्ड आणि विन्यास वेगळे राहतात, आणि दोहोंमधील सर्व वाहतूक एकाच केबलच्या अरुंद वाटेने जाते. स्टॅकेबल स्विचच्या पाठीमागे खास स्टॅक पोर्ट असतात. त्यांतून विशिष्ट केबलींनी अनेक स्विच जोडले की ते बाहेरच्या जगाला एकच स्विच म्हणून दिसतात. सिस्कोने २००३ मध्ये कॅटॅलिस्ट ३७५० मालिकेबरोबर स्टॅकवाइज ही पद्धत आणली. त्यात नऊपर्यंत स्विच एकत्र नांदत असत. कॅटॅलिस्ट ९२०० मालिकेत ही मर्यादा आठ आहे.

जोडणी साखळीसारखी न करता वर्तुळाकार करावयाची असते. पहिल्या स्विचचे एक स्टॅक पोर्ट दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला, आणि शेवटच्याचे पुन्हा पहिल्याला. वर्तुळातील एखादी केबल तुटली तरी वाहतूक उलट दिशेने फिरते. स्टॅकची क्षमता निम्म्यावर येते, पण कोणाचेही काम थांबत नाही. शेवटची केबल ‘नंतर लावू’ म्हणून राहून गेलेले स्टॅक अनेक कपाटांत सापडतात. ते चालतात, आणि चालतात म्हणूनच त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मधली एक केबल निसटली की अशा स्टॅकचे दोन तुकडे होतात. दोन्ही तुकडे एकच पत्ता आणि एकच विन्यास घेऊन जगू लागतात आणि जाळ्यात एका नावाची दोन माणसे वावरावीत तसा गोंधळ माजतो.

खरेदीच्या वेळी

खरेदी गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसवरून असो किंवा स्थानिक दरपत्रके मागवून असो, मागणीपत्रकात ‘४८ पोर्ट मॅनेज्ड स्विच, नग ३’ एवढेच लिहिल्यास पुढील पश्चात्ताप निश्चित असतो. ९२०० मालिकेत स्टॅकिंगचे साहित्य, म्हणजे स्टॅक मॉड्यूल व केबल, स्विचबरोबर आपोआप येत नाही. ते वेगळे मागवावे लागते. तसेच ९२०० आणि ९२००एल ही नावे सारखी भासली तरी दोन्ही प्रकारांचे स्विच एका स्टॅकमध्ये एकत्र चालत नाहीत. परवान्याची पातळीही सर्व सदस्यांची समान असावी लागते. या आर्थिक वर्षात दोन नग आणि अनुदान आल्यावर तिसरा, अशी टप्प्याटप्प्याची खरेदी महाविद्यालयांत अपरिहार्य असते. म्हणून पहिल्याच खेपेला नेमका मॉडेल क्रमांक नोंदवहीत लिहून ठेवणे इष्ट.

वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट किंवा सीसीटीव्ही कॅमेरे नेटवर्क केबलमधूनच वीज घेणार असतील, तर विजेचा हिशेबही आधी करावा. २००३ च्या मानकानुसार एका पोर्टाला १५.४ वॅटपर्यंत आणि २००९ च्या मानकानुसार ३० वॅटपर्यंत वीज देता येते. परंतु ही मर्यादा पोर्टाची झाली. संपूर्ण स्विचचा साठा वेगळा असतो. ज्या स्विचकडे केबलींवाटे देण्यास ३७० वॅट आहेत, तो १५.४ वॅटने फक्त २४ पोर्टांना आणि ३० वॅटने केवळ १२ पोर्टांना पुरतो, मग त्याला पोर्ट ४८ का असेनात.

बसवणी

स्विचची रुंदी १९ इंची रॅकला जुळणारी असते आणि उंची बहुधा एक युनिट, म्हणजे १.७५ इंच. स्टॅकमधील स्विच एकाखाली एक बसवावेत, कारण स्टॅक केबली आखूड असतात. बाजूंनी हवा खेळण्यास जागा ठेवावी. विदर्भातील मे महिन्यात बंद, बिनपंख्याच्या लोखंडी कपाटाच्या आत किती तापमान होत असेल, याची कल्पना वाचकाने करावी. धूळ, पाली आणि केबल कुरतडणारे उंदीर यांचा उल्लेख परदेशी माहितीपुस्तिकांत नसतो. येथे मात्र केबली आत शिरण्याच्या भोकाला बूच लावणे हा उभारणीचाच भाग मानला पाहिजे.

स्विचवर अर्थिंगसाठी स्वतंत्र स्क्रू असतो आणि तो अनेकदा मोकळाच सोडलेला दिसतो. तो जोडावा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे, परंतु दोन इमारतींमध्ये अंतर त्याहून कमी असले तरी तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबर टाकावी. पावसाळ्यापूर्वीच्या गडगडाटात दोन इमारतींच्या अर्थिंगमधील फरक तांब्याच्या तारेतून वाहतो आणि दोन्ही टोकांची उपकरणे जळू शकतात. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

पहिली ओळख : कन्सोल

नव्या स्विचला कोणताही पत्ता नसतो. म्हणून पहिला संवाद जाळ्यातून न होता कन्सोल पोर्टातून करावा लागतो. लॅपटॉपला यूएसबी-सिरीयल केबल जोडून पुटीसारख्या प्रोग्रॅममध्ये वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १ असे निवडले की पडद्यावर स्विच बोलू लागतो. प्रारंभिक प्रश्नावली भरायची का, असे तो विचारतो. सरावलेले लोक ‘नो’ म्हणतात आणि हाताने विन्यास करतात. स्विचला नाव देणे, व्यवस्थापनासाठी पत्ता देणे, पासवर्ड ठरवणे आणि एसएसएच हा सुरक्षित दूरप्रवेश सुरू करून टेलनेट बंद करणे, ही पहिली कामे होत. टेलनेटमध्ये पासवर्ड तारेवरून उघड्या अक्षरांत जातो. ज्या जाळ्यावर संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाचे उत्साही विद्यार्थी आहेत, तेथे याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. दिलेली आज्ञा तत्काळ लागू होते, पण ती चालू स्मरणात राहते. तिला रनिंग कॉन्फिगरेशन म्हणतात. ती स्टार्टअप कॉन्फिगरेशनमध्ये जतन केली नाही, तर वीज गेल्याबरोबर सारे पुसले जाते. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही एक ओळ विसरल्यामुळे दिवसभराचे काम वाया जाते, आणि भारनियमनाच्या गावी त्यासाठी फार दिवस वाट पाहावी लागत नाही.

ज्येष्ठतेचा नियम

आता मुख्य मुद्दा. स्टॅकमधील एक स्विच प्रमुख असतो. इतर सर्वांचा कारभार तोच पाहतो. दुसरा राखीव असतो आणि प्रमुख बंद पडल्यास तो सूत्रे हाती घेतो. हा प्रमुख कसा निवडला जातो? प्रत्येक स्विचला १ ते १५ पर्यंत प्राधान्यक्रमांक देता येतो, आणि सर्वाधिक क्रमांकाचा स्विच प्रमुख होतो. कारखान्यातून सर्वांचा क्रमांक १ असाच येतो. मग बरोबरी झाल्यास ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान, तो प्रमुख. मॅक पत्ते उत्पादनाच्या ओघात चढत्या क्रमाने दिले जात असल्याने लहान पत्ता अनेकदा जुन्या स्विचचा असतो. म्हणजे संस्थेने काहीच सांगितले नाही, तर यंत्रे ज्येष्ठतेच्या नियमाने कारभारी निवडतात. महाविद्यालयीन वाचकांना हा नियम परका वाटणार नाही. येथे त्याचा परिणाम एवढाच, की सर्वांत जुना आणि कदाचित सर्वांत थकलेला स्विच साऱ्या जाळ्याचा प्रमुख होऊन बसतो.

उपाय सोपा आहे. ज्याला यूपीएसची वीज मिळते आणि जो अपलिंकच्या जवळ आहे, अशा स्विचला ‘स्विच १ प्रायॉरिटी १५’ आणि राखीव ठेवावयाच्या स्विचला ‘स्विच २ प्रायॉरिटी १४’ असे सांगावे. प्राधान्य बदलले म्हणून चालू प्रमुख लगेच पायउतार होत नाही. नव्या निवडीसाठी स्टॅक पुन्हा सुरू व्हावा लागतो. सुरू होतानाही १२० सेकंदांच्या अवधीत जे स्विच जागे होतात, तेच निवडणुकीत सहभागी होतात. यास्तव प्रमुख ठरवलेला स्विच आधी सुरू करून मग इतरांना वीज देणे श्रेयस्कर.

सदस्यांना क्रमांकही द्यावे लागतात. पोर्टांची नावे त्या क्रमांकावरून ठरतात. गिगाबिट इथरनेट २/०/१५ म्हणजे दुसऱ्या स्विचचे पंधरावे पोर्ट. रॅकमध्ये वरून खाली १, २, ३ असा क्रम आणि स्विचमध्येही तोच क्रम ठेवला नाही, तर रात्री टॉर्चच्या उजेडात बिघाड शोधणाऱ्याला चुकीची केबल ओढण्याची पाळी येते. क्रमांक बदलण्याची आज्ञा पुन्हा सुरू केल्यावरच लागू होते. चालू असलेला, आधीच कुठल्या तरी विन्यासाने भारलेला स्विच वीज चालू ठेवून स्टॅकमध्ये कधीही घुसवू नये. दोन स्टॅकचे विलीनीकरण झाल्यासारखे होते आणि हरलेल्या बाजूचे स्विच पुन्हा सुरू होतात. नवा सदस्य बंद अवस्थेत जोडून मगच त्याला वीज द्यावी.

विभागणी : कोण कोणाच्या शेजारी

विन्यासातील खऱ्या अर्थाने शैक्षणिक निर्णय हा आहे. मूळ स्थितीत सर्व पोर्ट व्हीलॅन १ मध्ये असतात. म्हणजे कार्यालयातील वेतनाचा संगणक, परीक्षा विभाग, प्रयोगशाळा आणि कॅन्टीनजवळच्या वायफायवरील विद्यार्थ्यांचे मोबाइल हे सर्व एकाच खोलीत बसलेले असतात. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचमध्ये भिंती उभारणे. १९९८ च्या ८०२.१क्यू या मानकानुसार प्रत्येक फ्रेमवर १२ बिटांचा एक शिक्का मारला जातो. त्यामुळे १ ते ४०९४ पर्यंत क्रमांक वापरता येतात आणि अनेक विभागांची वाहतूक एकाच केबलवरून न मिसळता नेता येते.

महाविद्यालयासाठी उदाहरणार्थ व्हीलॅन १० कार्यालय, २० परीक्षा विभाग, ३० प्रयोगशाळा, ४० ग्रंथालय, ५० विद्यार्थी वायफाय आणि ९९ स्विचचे व्यवस्थापन, अशी आखणी करता येईल. प्रत्येकाला स्वतंत्र पत्तामाला द्यावी. परीक्षा विभागासाठी १९२.१६८.२०.० ही माला दिली, तर पत्ता पाहताच विभाग कळतो. संगणकाकडे जाणारे पोर्ट ॲक्सेस प्रकारचे आणि दुसऱ्या स्विचकडे किंवा फायरवॉलकडे जाणारे पोर्ट ट्रंक प्रकारचे करावे. ट्रंकवरून आवश्यक तेवढेच व्हीलॅन जाऊ द्यावेत. भिंतींमध्ये दारे कोठे ठेवायची हे नंतर राउटर किंवा फायरवॉलवर ठरते. ग्रंथालयातील सार्वजनिक कॅटलॉग प्रयोगशाळेतून दिसावा, परंतु परीक्षा विभागाचा प्रिंटर कोठूनही दिसू नये, हे तंत्रज्ञाला कोण सांगणार? त्याला महाविद्यालयाची रचना ठाऊक नसते. हा तक्ता प्राचार्य, परीक्षाप्रमुख, ग्रंथपाल आणि संगणक विभागप्रमुख यांनी एका बैठकीत तयार करून द्यावयाचा असतो. प्रत्यक्षात अशी बैठक होत नाही. तंत्रज्ञ येतो, तासाभरात ‘सब चालू है’ म्हणतो आणि सर्व पोर्ट व्हीलॅन १ मध्येच राहतात.

वेटोळे आणि वादळ

संपूर्ण महाविद्यालयाचे जाळे एका मिनिटात बंद पाडण्यास विषाणू किंवा हॅकर लागत नाही. एक फूटभर केबल पुरते. प्रयोगशाळेची साफसफाई झाली, भिंतीवरील सॉकेटमधून लोंबणारी एक केबल दिसली आणि कोणी सद्हेतूने तिचे मोकळे टोक शेजारच्या सॉकेटात खोचले, की वेटोळे तयार होते. सर्वांसाठी असलेली फ्रेम स्विच सर्व पोर्टांवर पाठवतो हे वर सांगितले आहे. ती वेटोळ्यातून परत येते, पुन्हा सर्वत्र जाते, पुन्हा परत येते. इंटरनेटच्या पाकिटावर आयुष्य मोजणारा आकडा असतो आणि तो शून्य झाला की पाकीट टाकून दिले जाते. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडाच नाही. त्यामुळे ती फ्रेम मरत नाही, उलट तिच्या प्रती वाढत जातात. याला ब्रॉडकास्ट वादळ म्हणतात. सगळे दिवे एकदम झपाट्याने लुकलुकू लागतात आणि कोणालाच काही उघडत नाही. मग लोक इंटरनेट पुरवठादाराला फोन करतात, ज्याचा या प्रकाराशी काहीही संबंध नसतो.

यावरील उपाय राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना शोधला. स्विच आपसांत छोटे निरोप पाठवतात, एकाला मूळ मानतात आणि त्याच्यापासून वृक्षासारख्या फांद्या काढून जादा वाटा बंद ठेवतात. हीच स्पॅनिंग ट्री पद्धत. तिचे वेगवान रूप २००१ मध्ये मानक झाले आणि आज तेच वापरावे. येथेही ज्येष्ठतेचा नियम पुन्हा भेटतो. मूळ स्विचसाठीचे प्राधान्य सर्वांचे ३२७६८ असते आणि बरोबरीत लहान मॅक पत्ता जिंकतो. या निवडणुकीत मात्र लहान प्राधान्य श्रेष्ठ. म्हणून मुख्य स्टॅकला ४०९६ हे प्राधान्य द्यावे. अन्यथा वसतिगृहाच्या कोपऱ्यातील जुना स्विच साऱ्या महाविद्यालयाचा मूळ ठरतो आणि वाहतूक त्याच्या भोवती वळसा घालते.

संगणकांच्या पोर्टांवर पोर्टफास्ट आणि बीपीडीयू गार्ड लावावे. पहिल्यामुळे संगणक लगेच जोडला जातो. दुसऱ्यामुळे तेथे स्विचचा निरोप आला, म्हणजे कोणी स्विच जोडला किंवा वेटोळे केले, की ते एकच पोर्ट बंद पडते आणि बाकीचे महाविद्यालय वाचते. बंद पडलेले पोर्ट ठरावीक वेळाने आपोआप उघडण्याची सोय करता येते आणि तो अवधी मूळचा ३०० सेकंद आहे. स्टॉर्म कंट्रोल लावल्यास सर्वांसाठीच्या फ्रेमींवर मर्यादा घालता येते.

दुसरा घरगुती उपद्रव म्हणजे एखाद्या विभागात कोणी आणून लावलेला वायफाय राउटर. त्याची केबल चुकीच्या भोकात गेली की तो आसपासच्या संगणकांना स्वतःच पत्ते वाटू लागतो आणि त्यांचे इंटरनेट जाते. डीएचसीपी स्नूपिंग सुरू केल्यास पत्ते वाटण्याचा अधिकार फक्त विश्वासार्ह ठरवलेल्या पोर्टाला उरतो. मात्र स्नूपिंग सुरू करण्यापूर्वी अपलिंकचे पोर्ट विश्वासार्ह घोषित करावे. क्रम चुकला तर खरा सर्व्हरच चोर ठरतो.

उघडी राहिलेली दारे

मूळ स्थितीत सोडलेल्या उपकरणाचे काय होते याचे एक उदाहरण सर्वज्ञात आहे. जुन्या कॅटॅलिस्ट स्विचमध्ये स्मार्ट इन्स्टॉल नावाची सोय आपोआप सुरू असे. नवा स्विच दूरवरून सहज उभारता यावा, हा तिचा हेतू. तिला पासवर्डच नव्हता. मार्च २०१८ च्या अखेरीस सिस्कोने या सोयीतील एका गंभीर दोषाची माहिती जाहीर केली आणि ६ एप्रिल २०१८ रोजी याच उघड्या दारातून इराणसह अनेक देशांतील स्विचचा विन्यास पुसला गेला. पडद्यावर अमेरिकेच्या ध्वजाचे चित्र उरले. ज्यांनी ‘नो व्हीस्टॅक’ एवढी एक आज्ञा दिली होती, त्यांच्या स्विचला या दारातून धक्का लागला नाही. महाविद्यालयांत असे जुने स्विच अजून नांदत आहेत, त्यांच्यावर ही आज्ञा दिली आहे काय, हे पाहावे.

त्याच ओघात स्विचच्या घड्याळाचा उल्लेख आवश्यक आहे. घड्याळ न लावलेल्या स्विचच्या नोंदी चुकीच्या तारखेच्या असतात आणि चौकशीत निरुपयोगी ठरतात. भारतीय वेळेसाठी ५ तास ३० मिनिटांचा फरक नोंदवावा लागतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवून घ्यावीत आणि नोंदी १८० दिवस जतन कराव्यात असे सांगितले आहे. स्विचच्या स्वतःच्या स्मरणात एवढ्या नोंदी मावत नाहीत. त्या एखाद्या संगणकावर पाठवण्याची व्यवस्था करावी, मग तो संगणक जुना असला तरी चालेल.

पासवर्डाबाबत एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तो पुरवठादाराकडे असणे आणि महाविद्यालयाकडे नसणे, हा संस्थेच्या मालमत्तेवरील ताबा सोडून देणे आहे. तो बंद पाकिटात प्राचार्यांच्या तिजोरीत असावा, आणि तंत्रज्ञ बदलला की बदलावा. पासवर्ड हरवल्यास स्विच सुरू होताना मोड हे बटण दाबून धरून तो पुन्हा मिळवण्याची सोय अनेक कॅटॅलिस्ट स्विचना असते. ही सोय जशी संस्थेला उपयोगी, तशीच कपाटासमोर उभ्या असलेल्या कोणालाही उपयोगी. म्हणून कपाटाचे कुलूप हा सुरक्षिततेचा सर्वांत जुना व अजूनही पहिला भाग आहे.

स्वीकृती चाचणी

पुरवठादाराचे देयक मंजूर करण्यापूर्वी, सुटीच्या दिवशी, दोन प्राध्यापकांच्या उपस्थितीत पुढील चाचणी घ्यावी. तिला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. प्रयोगशाळेतील एका संगणकावरून सर्व्हरला अखंड पिंग सुरू ठेवावे. मग स्टॅकची एक केबल काढावी. पिंग चालू राहिले पाहिजे आणि स्टॅक पोर्टांची स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेत तुटलेली बाजू दिसली पाहिजे. केबल परत लावून प्रमुख स्विचची वीज काढावी. त्याच्या स्वतःच्या पोर्टांवरील संगणक बंद पडतील, परंतु इतर स्विचवरील संगणक चालू राहून राखीव स्विचने सूत्रे घेतली पाहिजेत. अपलिंक केवळ प्रमुखावरच असेल, तर ही त्रुटी याच क्षणी उघडकीस येईल आणि दुसरी अपलिंक दुसऱ्या सदस्यावर नेता येईल. यानंतर प्रयोगशाळेतील दोन सॉकेट एका केबलने मुद्दाम जोडावीत. दोन्ही पोर्ट किंवा त्यांतील एक बंद पडले आणि पिंग थांबले नाही, तर वादळापासून संरक्षण आहे. विद्यार्थी वायफायवरील लॅपटॉपवरून परीक्षा विभागाच्या प्रिंटरचा पत्ता शोधून पाहावा. तो सापडता कामा नये. शेवटी संपूर्ण स्टॅकची वीज घालवून पाच मिनिटांनी पुन्हा द्यावी आणि सारा विन्यास परत आला का ते पाहावे. जतन करण्याची ओळ विसरली असेल, तर ती या वेळी कळते आणि तंत्रज्ञ अजून समोरच असतो. विन्यासाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन, मॉडेल क्रमांक, सदस्य क्रमांक, व्हीलॅनचा तक्ता व चाचणीची तारीख यांसह जडवस्तू नोंदवहीत लावल्यावरच देयकावर सही करावी.